‘तो’चा धडा: काइगो तुकडीसाठी जपानी व्याकरणाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

नव्या धड्याला आज हात घातला. विषय असा: दुसऱ्याचे शब्द, आपलं मत आणि नावं प्राथमिक जपानीत कशी सांगायची. तिन्ही कामं एकच पार्टिकल (शब्दामागे लागून वाक्यातलं नातं दाखवणारा छोटा शब्द) करतं, ‘तो’. ‘तो ईमास’ म्हणजे असं म्हणतो, ‘तो ओमोइमास’ म्हणजे असं मला वाटतं, ‘तो यूऽ हितो’ म्हणजे अमुक नावाचा माणूस.

पुस्तिका ‘काइगो’साठी, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामासाठी, जपानला जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींची आहे. जपानने एप्रिल २०१९ पासून ‘तोकुतेइ गिनोऽ’ हा कुशल कामगारांचा व्हिसा सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यासाठी भारताशी सहकार्याचा करार केला. भाषेसाठी जपानी भाषापरीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा पास व्हावं लागतं, काइगोसाठी कामाची आणि काइगोच्या जपानीची परीक्षा वेगळी. आमच्या पुण्यातल्या तुकडीत लातूर, सोलापूर, सिंधुदुर्गकडची मुलं जास्त. नर्सिंगचं शिक्षण झालेल्या मुलीही बऱ्याच आहेत.

त्यांच्या हाती असलेल्या नोट्स इंग्रजीतून आलेल्या आहेत आणि तिथे ‘तो’ म्हणजे ‘दॅट’ असं समीकरण दिलेलं असतं. इंग्रजीत ‘दॅट’ आधी येतं, म्हटलेलं त्याच्यामागून. जपानीत बरोबर उलट. आपल्या मुलांनी मराठीतून इंग्रजीत जायचं, तिथे वाक्य उलटं करायचं आणि जपानीत येऊन पुन्हा सुलटं करायचं, हा द्राविडी प्राणायाम कशाला? हा धडा थेट मराठीतून बांधायचा.

६ जून

‘की’ला सुट्टी द्यायची, हा पहिला निर्णय.

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगायच्या दोन वाटा आहेत. “ती म्हणाली की मी उद्या येते” ही एक. “उद्या येते असं ती म्हणाली” ही दुसरी. दुसरीत आधी म्हटलेलं, मग ‘असं’, मग क्रियापद. जपानी वाक्य नेमकं याच क्रमाने चालतं: “आशिता कुरु ‘तो’ ईमाशिता.” उद्या येते, असं, म्हणाली. शब्दाखाली शब्द मांडता येतो. मुलं ‘की’ मनात धरून वाक्य रचायला लागली की ‘ईमाशिता’ मधेच येऊन बसतं आणि पुढचं सगळं लोंबकळत राहतं. म्हणून या धड्यातल्या मराठी वाक्यांतही ‘की’ वापरायचा नाही, असं गटात सर्वांनी मान्य केलं.

‘म्हणून’ तर ‘तो’च्या आणखी जवळचा. “यामादा म्हणून एक आजी आहेत” हे वाक्य “यामादा-सान ‘तो’ यूऽ काता” याच्याशी तंतोतंत जुळतं. दोन्हीकडे ‘म्हणणे’ या क्रियापदातूनच नाव सांगायची सोय झालेली आहे. सावंतवाडीकडच्या मुलीने कोंकणीतलं वाक्य दिलं: “हांव येतां म्हण ताणें सांगलें.” तिथे ‘म्हण’ अगदी ‘तो’च्या जागेवर आहे. सोलापूरच्या सीमेवरच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने लगेच “बर्तीनि अंत हेळिद” (येतो असं म्हणाला) म्हणून दाखवलं. तिथे ‘अंत’ तेच काम करतो. वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरच्या भाषेत ही रचना आधीच आहे. ती त्यांना दाखवून द्यायची, नव्याने पढवायची नाही.

एक इशारा चौकटीत द्यायचा. “आजारी होता म्हणून आला नाही” यातला ‘म्हणून’ कारणाचा आहे. तिथे जपानीत ‘कारा’ किंवा ‘नोदे’ येतं, ‘तो’ नाही.

९ जून

लेखनाचे नियम. दीर्घ स्वर अवग्रहाने दाखवायचा (गिनोऽ). जपानी ‘तो’ नेहमी अवतरणचिन्हात, म्हणजे आपल्या ‘तो मुलगा’शी गल्लत होणार नाही. ‘म्हणणे’ हे क्रियापद हिरागानात (जपानीच्या मूळ अक्षरलिपीत) ‘इ-उ’ लिहितात पण उच्चार ‘यूऽ’ होतो. म्हणून देवनागरीत ‘यूऽ’च ठेवू, हिरागाना शेजारी असेलच.

‘तो’ची बाकीची कामंही एका छोट्या चौकटीत: ‘आणि’ (पान ‘तो’ ग्यूऽन्यूऽ, पाव आणि दूध), ‘सोबत’ (तोमोदाची ‘तो’, मैत्रिणीसोबत) आणि ‘झालं की’ (हारु नी नारु ‘तो’, वसंत आला की). ओळखायची खूण एकच सांगायची: वाक्याच्या शेवटाकडे पाहा. तिथे म्हणणे, वाटणे, विचारणे, लिहिणे, हाक मारणे यांपैकी काही असेल, तर ‘तो’ बहुधा आपला. मधे कितीही शब्द आले तरी चालतात: “यामादा-सान वा आशिता कोनाइ ‘तो’ साक्की देन्वा दे ईमाशिता.” उद्या येणार नाही, असं, मघाशी फोनवर म्हणाले.

१४ जून

नावं. हा भाग वाढत चालला आहे आणि मला तो वाढू द्यायचा आहे, कारण वृद्धाश्रमातला पहिला दिवस नावांनीच सुरू होतो.

स्वतःचं नाव सांगायच्या तीन पायऱ्या आहेत. “पातिरु देस” (मी पाटील) हे साधं. “पातिरु ‘तो’ ईमास” म्हणजे समोरच्याने हे नाव आधी ऐकलेलं नाही असं धरून सांगणं. “पातिरु ‘तो’ मोऽशिमास” ही नम्र रीत, पहिल्या भेटीत आणि फोनवर हीच शोभते. स्वतःच्या नावाला आदराचं ‘सान’ कधीच लावायचं नाही. आपणही “मी पाटीलसाहेब बोलतोय” असं स्वतःबद्दल म्हणत नाही, त्यामुळे हे लगेच पटलं.

मग पुढचं वाक्य: “पातिरु ‘तो’ योन्दे कुदासाइ.” मला पाटील म्हणा. छातीवरच्या पट्टीवर कातकानात (परदेशी नावं लिहायच्या लिपीत) काय लिहिलं जाईल हे मुलांनी आधीच ठरवून जावं असं मला वाटतं. रेसिडेन्स कार्डावर नाव पासपोर्टप्रमाणे रोमन लिपीत येतं. पण आजी-आजोबा वाचणार ते कातकाना. जपानीत ल आणि ळ दोन्ही र होतात, महाप्राण गळतात, शेवटच्या व्यंजनाला स्वर चिकटतो. कुलकर्णीचं कुरुकारुनी, जाधवचं जादाबु. काळे आडनावाच्या मुलीला खास सांगितलं: दीर्घ रेघ कुठे मारायची ते तूच ठरव. ‘काऽरे’ लिहिलंस तर ते तुझं नाव. रेघ नुसती शेवटी गेली तर ‘कारेऽ’ म्हणजे करी, आणि रेघच नसेल तर ‘कारे’ म्हणजे ‘तो पुरुष’. तिने वहीत ‘काऽरे’ लिहून खाली दोनदा अधोरेखित केलं.

दुसऱ्याचं नाव विचारणं. कांजीतलं (चिनी अक्षरांतलं) नाव पाहून त्याचा उच्चार खात्रीने कळत नाही, जपानी माणसालाही नाही. म्हणून “नान ‘तो’ योमिमास का” (हे कसं वाचायचं) विचारण्यात काही गैर नाही. आणि आजींना: “नान ‘तो’ ओयोबी सुरेबा ईइ देस का.” आपल्याला काय म्हणून हाक मारू? सातोऽ हे जपानमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. एका मजल्यावर दोन सातोऽ असतील तर पहिल्या नावाला ‘सान’ लावूनही हाक मारतात. लाडाने ‘चान’ म्हणायचं नाही, अगदी लहान मुलासारखं भरवावं लागत असलं तरी. हे वाक्य मी जाड अक्षरात टाकलं आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाचं आडनाव हा त्याच्याजवळ उरलेला मान असतो.

‘तो यूऽ’ कधी लावायचं हा खरा मुद्दा. “सातोऽ-सान ‘तो’ यूऽ काता कारा ओदेन्वा गा आरिमाशिता”, सातोऽ म्हणून कुणाचा फोन आला होता. ऐकणाऱ्याला ती व्यक्ती माहीत नसावी असा अंदाज असेल तेव्हाच हे बरोबर. रोज भेटणाऱ्या सातोऽ आजींबद्दल सहकाऱ्याला असं म्हटलं तर त्यांना परकं केल्यासारखं होतं. मराठीतही पुणेकराला “पुणे नावाचं एक शहर आहे” सांगत नाहीत. उलट जपानी सहकाऱ्याने गाव विचारलं तर “उदगीर ‘तो’ यूऽ माची देस” हेच योग्य. ‘हितो’ऐवजी आदराचं ‘काता’ म्हणायचं हेही इथेच सांगितलं.

१९ जून

साधं रूप. इथे मुलं अडतात, आणि मराठीची मदत इथे संपते.

जसेच्या तसे शब्द सांगायचे असतील तर ‘कागि-काक्को’ या काटकोनी खुणांच्या आत बोलणाऱ्याचं बोलणं जसं असेल तसं: मास-फॉर्म (‘मास’ने संपणारं सभ्य रूप) असो वा नसो. स्वतःच्या वाक्यात गुंफून सांगायचं तर ‘तो’च्या आधी प्लेन फॉर्म, म्हणजे साधं रूप. आदर शेवटच्या क्रियापदावर. इकिमास नाही, ‘इकु तो ईमाशिता’ (जातो असं म्हणाला). नाम आणि ना-विशेषणाला (नामाआधी ‘ना’ घेणाऱ्या विशेषणाला) ‘दा’, म्हणजे ‘देस’चं साधं रूप, हवा: ‘ब्योऽकि दा तो ओमोइमास’ (आजारी आहे असं वाटतं), ‘गेन्कि दा तो इत्ते इमाशिता’ (बरा आहे असं म्हणत होता). ‘इ’ने संपणाऱ्या इ-विशेषणाला ‘दा’ नको: ‘इताइ तो’ (दुखतंय असं), ‘इताइ दा तो’ नव्हे. ‘दा’ एकदा शिकवला की मुलं तो सगळीकडे लावतात, म्हणून दोन्ही गट एकाच पानावर समोरासमोर ठेवले.

काळाचं मात्र सोपं. इंग्रजीत म्हटलेल्या वाक्याचा काळ मागे सरकवावा लागतो, तो नियम आपल्या मुलांनी शाळेत घोकलेला असतो. जपानीत ती भानगडच नाही. “येतो म्हणाला” यात ‘येतो’ जसा वर्तमानकाळात राहतो, तसाच ‘कुरु तो ईमाशिता’मध्ये ‘कुरु’. शाळेतला तो नियम इथे विसरा, एवढं एक वाक्य पुरे.

२४ जून

या धड्याचं मर्म आज लिहून झालं.

मराठीत आपण सहज म्हणतो, “आजींचं डोकं दुखतंय.” दुखणं आजींचं, वाक्य आपलं, कुणालाच खटकत नाही. जपानीत “यामादा-सान वा आतामा गा इताइ देस” असं म्हटलेलं बरोबर लागत नाही. दुखणं, हवंसं वाटणं, भीती, आनंद या आतल्या गोष्टी ज्याच्या त्यालाच ठाऊक. मी माझ्याबद्दल ‘इताइ देस’ म्हणू शकते. दुसऱ्याबद्दल म्हणायचं तर ते मला कुठून कळलं, हे वाक्यातच सांगावं लागतं. त्या म्हणाल्या असतील तर ‘इताइ तो इत्ते इमाशिता’. चेहऱ्यावरून वाटलं तर ‘इतासोऽ देस’. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ‘इताइ सोऽ देस’. त्या कपाळ दाबून धरत असतील तर ‘इतागात्ते इमास’. ‘इतासोऽ’ आणि ‘इताइ सोऽ’ यांत फरक एका ‘इ’चा, पण एक डोळ्यांनी पाहिलेलं आणि दुसरं कानावर आलेलं.

रचना मराठीसारखी आहे म्हणून मुलं ‘तो’ लवकर शिकतात. पण तो कुठे वापरल्यावाचून चालत नाही, ते मराठीतून कळत नाही. ते वेगळं शिकवायलाच हवं, आणि काइगोत ते सगळ्यात आधी.

कारण मोऽशिओकुरि. पाळी बदलताना एक कर्मचारी दुसऱ्याला रात्रभरातलं सांगतो, त्याला हा शब्द आहे. ओसाकाजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करणारी आमच्या गटातली एक ताई आज व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, नोंदवहीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं: जे दिसलं, जे त्या व्यक्तीने म्हटलं आणि जे मला वाटलं. म्हटलेलं शक्यतो कागि-काक्कोत, त्यांच्याच शब्दांत. “रात्री झोप नाही” असं आजी म्हणाल्या आणि आपल्या पाहणीत त्या झोपलेल्या दिसल्या, तर दोन्ही लिहायचं. एकाने दुसरं खोडायचं नाही. नर्सला त्या दोन्हींतूनच काहीतरी कळतं.

हे ऐकून धड्याची रचना पक्की झाली. ‘तो इत्ते इमाशिता’, ‘तो ओमोइमास’ आणि ‘सोऽ देस’ वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले असतात. आम्ही ते एकाच पानावर आणणार. समोर एकच आजी, एकच डोकेदुखी, आणि ती सांगायच्या चार रीती.

‘ईमाशिता’ की ‘इत्ते इमाशिता’? दुसऱ्याचा निरोप तिसऱ्याला पोचवताना ‘इत्ते इमाशिता’च नैसर्गिक. वृद्धांबद्दल बोलताना त्याहून वरचं ‘ओश्शात्ते इमाशिता’. म्हणाली आणि म्हणाल्या यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, म्हणून परीक्षेची पातळी थोडी ओलांडून हे रूप आताच देऊ. “तोइरे नी इकितागात्ते इमास” (शौचालयात जायचंय असं दिसतं) अशी ‘तागारु’ची रूपं वडीलधाऱ्यांबद्दल उद्धट वाटू शकतात. “इकिताइ ‘तो’ ओश्शात्ते इमास” म्हणावं.

वाचताना ओळखू यावं एवढ्यापुरतं आणखी एक: लेखी नोंदीत वाक्य आखडतं घेतात. ‘आतामा गा इताइ तो नो कोतो’ (डोकं दुखतं असं म्हणणं), किंवा ‘तो नो उत्ताए आरि’, म्हणजे अशी तक्रार आहे. लिहायला सांगायचं नाही, पण नोंदवही उघडल्यावर मुलं घाबरू नयेत.

२८ जून

‘ओमोइमास’. नुसतं ‘तो ओमोइमास’ म्हटलं की वाटणारी व्यक्ती मीच. “यामादा-सान वा काएरु ‘तो’ ओमोइमास” म्हणजे यामादा परत जातील असं मला वाटतं. यामादांना तसं वाटत असेल तर ‘ओमोत्ते इमास’. आणि नकार आत ठेवायची सवय: “ताबेनाइ ‘तो’ ओमोइमास”, जेवणार नाहीत असं वाटतं. मराठीत “जेवतील असं वाटत नाही” हेही चालतं, पण नवशिक्याने पहिलीच रीत धरावी.

२ जुलै

पाट्या आणि अर्थ. ‘तो काइते आरिमास’, असं लिहिलेलं आहे. ‘तो यूऽ इमि देस’, असा अर्थ आहे. उदाहरणं स्टेशनवरची न घेता पलंगाजवळची घेतली: “‘झेश्शोकु’ ‘तो’ काइते आरिमास. ताबेते वा इकेनाइ ‘तो’ यूऽ इमि देस.” ‘उपाशी ठेवणे’ असं लिहिलेलं आहे, खायचं नाही असा अर्थ आहे. ही पाटी वाचता न येणाऱ्याने प्रेमाने बिस्किट भरवलं तर काय होईल, हे नर्सिंगच्या मुलींना सांगावं लागलं नाही.

याच पानाखाली ‘नान तो’ आणि ‘नानि ओ’. “नान ‘तो’ ईमाशिता का” म्हणजे नेमके शब्द कोणते होते. ‘ओ’ लागतो तो ‘उसो ओ यूऽ’ (खोटं बोलणं), ‘ओरेइ ओ यूऽ’ (आभार मानणं) अशांत.

७ जुलै

ताईने पाठवलेल्या आठवणींवरून ऐकण्याचा सराव बांधला. खरे आवाज घेतलेले नाहीत आणि घेणारही नाही. तिथल्या लोकांचं खासगीपण आपल्या पुस्तिकेपेक्षा मोठं आहे. आम्हीच संवाद म्हटले.

बोलण्यात ‘तो’ची जागा ‘त्ते’ घेतो. ‘नान ते’ (काय म्हणालास?), ‘यामादा-सान त्ते दारे’ (यामादा म्हणजे कोण?), ‘आशिता यासुमि दा त्ते’ (उद्या सुट्टी आहे म्हणे). शेवटच्या वाक्यातल्या मराठी ‘म्हणे’वर वर्गात एकदम माना डोलल्या.

कानसाइकडे, म्हणजे ओसाका-क्योतो भागात, यूऽ आणि ओमोउ यांच्याआधी ‘तो’ बोलताना गळूनच जातो: ‘इकु यूऽतेता’ (जातो म्हणत होता), ‘इताइ यूऽते हात्ता’ (दुखतंय म्हणत होत्या). ताईला पहिले काही दिवस वाक्याचा सांधाच सापडत नव्हता. आपणही ‘येतो असं म्हणाला’मधला ‘असं’ गाळून ‘येतो म्हणाला’ म्हणतोच की. एवढं सांगितल्यावर मुलांना सांधा ऐकू यायला लागला. बोलायचं मात्र ‘तो’ लावूनच, नवख्याने बोली वापरायची घाई करू नये.

१२ जुलै

वर्गात सराव घेतला. एकीने आजी व्हायचं, दुसरीने ऐकायचं, तिसरीला जाऊन सांगायचं. निरोपाचंही एक वाक्य दिलं: ‘तो त्सुताएते कुदासाइ’, असं सांगा. आजी झालेल्या मुलीच्या चिठ्ठीवर फक्त “समुइ” (थंडी वाजते) होतं.

पहिल्या फेरीत बऱ्याच जणींनी “यामादा-सान वा समुइ देस” असंच सांगितलं. व्याकरण येत नव्हतं असं नाही. मधल्या मधे आजींच्या वतीने बोलायची आपली सवय आहे, आणि ती मायेची सवय आहे. तिला नावं न ठेवता तिच्यापुढे एकच प्रश्न ठेवला: हे तुला कसं कळलं? दुसऱ्या फेरीपासून तिसऱ्या मुलीने निरोप ऐकल्यावर हाच प्रश्न विचारायचा असं ठरवलं. मग ‘समुइ तो ओश्शात्ते इमाशिता’ आपोआप येऊ लागलं. एकीने तर स्वतःहून जोडलं, “ते गा त्सुमेताइ देस”, हात गार आहेत. हात लावून पाहिल्यावर कळणारी गोष्ट, म्हणून तिथे साधं ‘देस’ चालतं. हे मी शिकवलं नव्हतं. तिचं वाक्य तिच्या परवानगीने पुस्तिकेत घेतलं आहे.

१८ जुलै

छपाईच्या प्रतीत केलेले बदल. शेवटचा स्वाध्याय म्हणजे आता मोऽशिओकुरिचा कोरा तक्ता: दिसलं, म्हटलं, वाटलं असे तीन रकाने. ‘म्हटलं’ या रकान्यात कागि-काक्को आधीच छापलेल्या आहेत, मुलांनी फक्त आतले शब्द भरायचे. नावांच्या पानावर प्रत्येकाने आपलं कातकाना लिहायची जागा सोडली आहे. ‘तो’च्या इतर कामांची चौकट लहान करून मागे नेली.

‘मात्सु योऽ नी ईमाशिता’ (थांबायला सांगितलं) हा प्रकार इथून काढला. तो सूचना देण्याच्या धड्यात जाईल, त्याचं काम ऑगस्टमध्ये. ताईने नोंदवहीच्या कोऱ्या पानाचा नमुना हाताने काढून पाठवायचं कबूल केलं आहे. तो आला की तक्त्यातल्या रकान्यांचा क्रम त्याप्रमाणे लावायचा आणि फाइल छापखान्यात द्यायची.